सलग पंधरा वर्षे

बिलोलीच्या तहसिलात, झेरॉक्सच्या मशीनशेजारी
माझं टेबल. जून-जुलै म्हणजे माझी सुगी:
उत्पन्न, नॉन-क्रिमिलेअर, राष्ट्रीयत्व, अधिवास.
दिवसाला साठ वेळा एकच ओळ टाइप करते,
अर्जदार या राज्यात सलग पंधरा वर्षे राहत आहे,
आणि सर्व्हर गेला की त्या सलगवरच
कर्सर लुकलुकत राहतो.

नागमणी कोंडलवार आली. पिशवीत कागदं,
पिशवीवर बोधनच्या साडीदुकानाचं नाव, तेलुगूत.
गुण पाचशे ब्याऐंशी.
हे तिनं नाही, बापानं सांगितलं, पोतन्नानं,
आवाज उतरवून,
जसं कुणी घरातल्या सोन्याचं वजन सांगतं.

जन्म?
बोधन.
"कुणाच्याबी घरी इचारा मॅडम,
पहिलं लेकरू माहेरीच होतंय की."
मी काही बोलले नाही. नियमावलीत माहेर हा शब्द
मला अजून सापडलेला नाही.

शाळा? आठवीपर्यंत येसगीत.
नववी-दहावी मामाकडं, पुलापलीकडं,
आईच्या किडन्या गेल्या त्या दोन वर्षांत.
आठवड्यातून दोनदा निजामाबादला डायलिसिस,
आणि ही पोरगी डब्यात बिनमिठाचं वरण घेऊन
सात नंबरच्या खाटेशी भूगोल पाठ करायची.
मशीनचा पंप थांबला की नर्सच्या आधी हिला कळायचं.
अकरावी-बारावी नांदेडला.
तोवर आई नव्हती.

पुस्तिका उघडली. दहावी इथली पाहिजे.
मोबाईलवर पलीकडची उघडली;
तिथं बारावीपर्यंतची चार वर्षं तिथलीच पाहिजेत.
हिच्याकडं दोन तिथली, दोन इथली.
साऱ्या देशासाठी ठेवलेल्या पंधरा टक्क्यांत
पाचशे ब्याऐंशी पुरत नाहीत,
तेही मी बघून ठेवलं होतं.

पोतन्नानं मग तळातला कागद काढला,
त्याच्या आजोबाच्या नावचा, उर्दूतला,
एक कड उंदरानं नेलेली.
"ह्याच्यात बघा, येसगी काय अन् बोधन काय,
एकाच मुलखात हायत."
तो वाचू शकणारे पेशकार कधीच रिटायर झाले.
मी स्कॅन केला. काळा आला. पुन्हा केला.
फाइलचा आकार मोठा आहे, म्हणाली वेबसाइट.

माझं सोपं झालं होतं.
मी बोधनचीच. अक्षता पडल्या, पूल ओलांडला,
नवऱ्याच्या दाखल्यावर माझा दाखला निघाला,
वर्षं कुणी मोजली नाहीत.
हे ओठांवर आलं होतं.
अठराच्या पोरीच्या बापासमोर
असली वाट दाखवू नये.

बाहेर वाळूचा टिप्पर गेला, मांजरेतली वाळू घेऊन,
टेबल हललं, शिक्का लवंडला.
नागमणीनं तो उचलून दिला,
बोटांना निळी शाई लागली, ती ओढणीला पुसली नाही,
तशीच धरून बसली.

मग तिनं तेलुगूत विचारलं,
सलग म्हणजे नेमकं काय?
मी मराठीत सांगितलं,
मधे खंड नको.
"आई दवाखान्यात व्हती," ती मराठीत म्हणाली,
"त्याला खंड म्हणतेत का?"

मी रकाना भरत होते.
अर्ज जाऊ दे तर खरं, मी म्हटलं, वर बघतील साहेब.
साहेब काय बघतात, मला माहीत आहे.
पोतन्नाला बहुतेक माहीत नव्हतं;
त्यानं साहेबांच्या बंद दाराला हात जोडले.

चाळीस रुपये घेतले, सुटे परत दिले.
पावती पाहिजे का?
"द्या," ती म्हणाली, "अन् गाव नीट टाका.
येसगी. तालुका बिलोली."

टाकलं.
एंटर दाबलं.
सर्व्हर गेला.